सर्व्हिसच्या आधीचा वेळ

मार्गळीच्या सकाळी, म्हणजे आमच्या साताऱ्याकडे मार्गशीर्ष सरत येतो त्या दिवसांत, चेन्नईतल्या अड्यारच्या हवेला समुद्राचा ओलावा असतो आणि उजेड अजून पुरता मोकळा झालेला नसतो. दारापुढच्या कोलमच्या ताज्या रांगोळीवरून कावळे बिनदिक्कत चालत जातात. अशा वेळी कॉलनीमागच्या लाल मातीच्या टेनिस कोर्टावरून एक आवाज यायचा, टप्प; मग जरा थांबून पुन्हा टप्प. तो आवाज आमच्या अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे सासरे. सर्व्हिस करण्यापूर्वी ते वाकून चेंडू मातीवर आपटत उभे असत, आणि तो आवाज ऐकत मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट पाहत असे.

अप्पा तंजावरकडच्या मराठी घरातले. घरात पूर्वजांबरोबर आलेली जुन्या वळणाची मराठी, रस्त्यावर तमिळ आणि रेल्वेच्या कचेरीत उभा जन्म इंग्रजी. तिन्ही भाषा त्यांना उत्तम येत आणि तिन्हींत ते सारखेच अडखळत. अडखळण्यात तुम्ही कुठल्याच भाषेवर अन्याय केला नाहीत, असं मी त्यांना चिडवायची आणि ते मनापासून हसायचे, कारण हसताना अडखळावं लागत नाही. एखाद्या शब्दाच्या उंबऱ्याशी आले की त्यांचे ओठ थरथरत, मान किंचित डावीकडे वळे, डोळे मिटत. आणि तेवढ्यात समोरचा माणूस प्रेमानं, अगदी प्रेमानंच, तो शब्द स्वतः उच्चारून मोकळा होई. अप्पा मान डोलावत. बरोबर असला तरी, आणि नसला तरीही.

हे काम मुख्यतः अम्मांचं, माझ्या सासूबाईंचं. अप्पांनी नुसतं तोंड उघडलं की आतून त्यांचा आवाज येई, "ह्यांस काफी पाहिजे. साखर कमी." आणि अप्पांना खरोखरच कॉफी हवी असे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांत मिळून एकच वाचा झाली होती, आणि ती अम्मांकडे ठेवायला दिलेली होती. ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात अम्मा गेल्या. मग घरातल्या प्रत्येकानं त्यांची ही जबाबदारी आपापल्या परीनं उचलली, आणि अम्मांना जे अचूक साधत होतं ते आमच्याकडून अंदाजपंचे होऊ लागलं.

त्यानंतर माझ्या नवऱ्याला, राघवला, चेन्नईबाहेरचा ओरगडमचा कारखाना सोडून पुण्याला चांगली नोकरी मिळाली. माझं माहेर हाकेच्या अंतरावर येणार होतं. मी हरखले, हे खोटं कशाला सांगू. दुपारी जेवताना राघवनं ही बातमी अप्पांना सांगितली. अप्पांचा पानावरचा हात थांबला. मान वळली, डोळे मिटले.

"मी... ह... हिकडे..."

"हिकडे एकटा कसा राहूं, हेंच ना अप्पा?" राघव म्हणाला. "कवलै नको, काळजी करूं नका. तुम्हीही आमच्याबरोबरच येणार."

अप्पांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग त्यांनी दहीभात कालवायला घेतला. घरानं तो होकार धरला. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की ते वाक्य तसं संपायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टावर जाऊन कडेच्या बाकावर बसले. जाळीपलीकडे अप्पांचे रोजचे खेळगडी शण्मुगम उभे होते. जॉर्ज टाउनमध्ये मसाल्याचा ठोक व्यापार केलेला हा गृहस्थ. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबला तर भाव हातचा जातो, अशा बाजारात जन्म काढलेला. कोर्टाबाहेर त्यांनी अप्पांना एक शब्द धड उच्चारू दिल्याचं मला आठवत नाही. तेच शण्मुगम इथे गुडघे वाकवून, रॅकेट दोन्ही हातांत धरून, गप्प थांबले होते. अप्पांनी चेंडू आपटला. पाहिला. पुन्हा आपटला. कडुलिंबावरचं दव त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं, आणि कुणाचीही, अगदी शण्मुगमचीसुद्धा, काही तक्रार नव्हती.

टेनिस खेळणारी माणसं सर्व्हिसआधी चेंडू का आपटतात, याची कारणं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहेत. कुणी म्हणतो श्वास जुळतो, कुणी म्हणतो मनगट सैल होतं, कुणी म्हणतो नुसती सवय. मला त्या सकाळी एवढंच दिसलं, की या खेळात एक क्षण असा येतो, जेव्हा बाकी सगळ्यांनी थांबायचं असतं आणि ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही सर्व्हिस करता येत नाही. अप्पांना आख्ख्या दिवसात असा वेळ फक्त इथेच मिळत होता. खेळ संपल्यावर मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुम्ही का आपटता?" आणि ओठ चावून गप्प राहिले. उत्तर यायला वेळ लागला.

"चेंडू सोडला... की प... परत हातांत येतो," ते म्हणाले. "तें पाहतों."

त्यांनी घाम पुसला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी राघव मोबाइलवर पुण्याची तिकिटं काढत होता. "अप्पा, तुम्हांस खालचाच बर्थ ना?" त्यानं मान वर न करता विचारलं. अप्पा म्हणाले, "रा... राघवा, मी..." राघवनं सवयीनं तोंड उघडलं आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो माझ्याकडे पाहतच राहिला. पंखा फिरत होता. खाली एक रिक्षा सुरू होता होता बंद पडली. अप्पांच्या कपाळावरची शीर वर आली, मान वळली, आणि त्या शांततेत माझं माहेर माझ्यापासून पुन्हा लांब जाऊ शकतं हे मला स्पष्ट कळत होतं. तरी मी हात काढला नाही.

"मी हि... हिकडेच राहतों," अप्पा म्हणाले. मग दम घेऊन, "तुम्ही... जा."

राघवच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांचा नकार लागला, की वडिलांचं सबंध वाक्य पहिल्यांदा ऐकलं म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. अप्पा मात्र उठून बाल्कनीत गेले आणि रोजच्यासारखे तुळशीला पाणी घालू लागले.

आम्ही पुण्याला आलो, अप्पा तिथेच राहिले. रविवारी त्यांचा फोन यायचा. फोनवर बराच वेळ नुसते अड्यारचे कावळे ऐकू येत, मग एक वाक्य येई, आणि ते पुरं त्यांचं असे. एका चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हाळ्यात, पहाटे झोपेतच ते गेले. कळवायला शण्मुगमनी फोन केला, आणि तो बोलका माणूस पलीकडून कितीतरी वेळ काही बोलू शकला नाही. मी थांबून राहिले.

आता घरात काही ठरवायचं निघालं, आमच्या मुलीचं शिक्षण असो की चेन्नईच्या घराचं काय करायचं हे असो, कुणीतरी हमखास म्हणतं, "अप्पा असते तर म्हणाले असते..." आणि पुढे एक सुंदर, सरळ, न थांबणारं वाक्य येतं. काळ माणसाला नेतो आणि त्याची वाक्यं आपल्या तावडीत सोडून जातो. मान वळवून, डोळे मिटून आपल्याला थांबवायला तिथे कुणी उरत नाही. त्या सगळ्या वाक्यांत अप्पा कुठेही अडखळत नाहीत, आणि तेवढ्यावरून मला कळतं की ते गेले आहेत.