डालग्याखालचा पाहुणा

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी उरकून आठवडा झाला होता. सामानाचा टेम्पो वाशिंदला सावळारामच्या चाळीपुढे थांबला आणि रंजिताने सगळ्यात आधी बांबूचं डालगं उतरवलं. गादी नाही, देव नाहीत, सहा वर्षांची लेक भिमीसुद्धा नाही. डालगं गोधडीत गच्च गुंडाळलेलं होतं. "यात काय गो?" घरमालकीण सुंदराकाकीने विचारलं.

"भांडी," रंजिता म्हणाली. खोट्याची सवय नसलेलं माणूस बोलतं तशी फार घाईने बोलली.

डालग्यात कोंबडा होता.

आता खोली दाखवताना काकीने रंजिताच्या नवऱ्याला, जगनला, ज्या अटी सांगितल्या त्यात पहिलीच ही होती, की कोंबडी-बकरी काही ठेवायचं नाही. मागच्या भाडेकरूच्या कोंबड्यांनी तिचा कोथिंबिरीचा वाफा तीनदा उकरला, त्यावरून चाळीत बोलाचाली झाली आणि शेवटी त्या बिचाऱ्याला बिऱ्हाड हलवावं लागलं. जगन मान डोलावून आला. डोलावेल नाही तर काय करेल? कारखान्यात काम लागलेलं, मुरबाडच्या डोंगरातल्या पाड्यावरून रोज ये-जा होण्यातली नव्हती, आणि महिनाभर हिंडून ही एकच खोली हाताला लागली होती.

पण कोंबडा सोडून येणंही रंजिताच्या हातात नव्हतं. पावसाळ्यात भिमीला मुदतीचा ताप आला तेव्हा तिने गावदेवाला कोंबडा बोलला होता. पोर उठून बसली की पौषात म्हशाची जत्रा झाल्यावर पहिल्या मंगळवारी देईन, असं. तो कोंबडा तिने मोठ्या विश्वासाने चुलत दिराकडे, मंगळूकडे ठेवला. मंगळूकडे पाहुणे आले आणि कोंबडा रश्श्यात गेला. आठच दिवसांत भिमीचा ताप उलटला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या मध्येच सोडल्या म्हणून उलटला. असेलही. रंजिताने गोळ्या पुऱ्या दिल्या आणि दुसरा कोंबडाही बोलला. या दुसऱ्याच्या पायात लाल दोरा बांधून तिने त्याला एक दिवस नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

"दोन महिने गोधडीखाली ठेवशील त्याला?" जगनने खोलीत आल्यावर हळूच विचारलं.

"अंधारात कोंबडा गप ऱ्हातो," ती म्हणाली. "आजचा दिस निभू दे. उद्याचं उद्या बघू."

आजचा दिवसच निभायचा नव्हता. या चाळीची रीत अशी, की नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या संध्याकाळी त्याला स्टोव्ह पेटवू द्यायचा नाही. बाकीच्या पाचही खोल्यांतून एकेक जिन्नस यायचा आणि सगळ्यांनी नव्या घरात बसून जेवायचं. जगनला हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला दारात माणसं उभी राहिली. कुणी भात आणलेला, कुणी तांदळाच्या भाकरी, शेजारच्या जनाने वालाचं बिरडं. सुंदराकाकीच्या हातात तर कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं होतं. रंजिताने आधी कोपऱ्यातल्या गोधडीकडे बघितलं. पण हसून या या म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

काकीने तिची ओटी भरली, भिमीच्या हातात गूळ ठेवला. सगळे भले लोक. जना तर फारच भली. मालक सावळाराम उभेच आहेत हे पाहून तिने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली गोधडी दिसली, आणि रंजिता तोंड उघडेपर्यंत तिने ती सर्रकन ओढून जमिनीवर पसरली.

डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट. कोंबड्याला वाटलं, उजाडलं. त्याने मान उंच केली आणि सगळी चाळ ऐकेल असा आरवला.

जगन खाली बघत राहिला. रंजिताला वाटलं, संपलं, आता पुन्हा टेम्पोत सामान. तेवढ्यात भिमी गूळ चघळत म्हणाली, "तो आमचा नाय. देवाचा हाय."

सुंदराकाकी वाकली. डालग्याच्या फटीतून तिला लाल दोरा दिसला. तिने रश्श्याचं पातेलं उचललं, बाहेर नेऊन आपल्या घरात ठेवलं, हात धुतले आणि परत आली.

"कोणासाठी बोललीस?"

रंजिताने भिमीकडे बोट केलं आणि मग तिला रडू आवरेना. ताप, नवस, मंगळू, पाहुणे, उलटलेला ताप, सगळं तिने सांगून टाकलं.

"त्या मंगळूची अक्कल चरायला गेलेली काय?" सावळाराम एवढंच म्हणाले.

काकी रंजिताकडे वळली. "भांडी म्हणालीस ते बरं नाय केलंस," ती म्हणाली.

"घाबरले, काकी. खोली जाईल म्हणून."

"माझी अट भाडेकरूंना हाय. ह्यो भाडेकरू नाय, पावणा हाय. जत्रेनंतर मंगळवारी पोचवायचा, तवर ऱ्हाऊ दे. माझ्या वाफ्याकडं मातर फिरकू देऊ नको."

मग सगळे जेवले, नुसतं बिरडं, भात आणि भाकरी. रंजिताला कितीतरी महिन्यांनी चव लागली. त्या रात्री ती अंग टाकल्याबरोबर झोपली.

पहाटे कोंबडा आरवला. सवयीने तिचा हात गोधडीकडे गेला, आणि आठवून मागे आला. आरव बाबा, ती मनात म्हणाली. उजाडल्यावर तिने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर ओळीने तांदळाच्या कणीचे लहान लहान ढीग ठेवलेले होते. तिने मोजले. चार. दुसऱ्या खोल्या तर काकीची धरून पाच होत्या, आणि काकीचा राग गेला नसेल असं तिच्या मनात आलंच.

मग तिला पायरीवरची जुडी दिसली. कोवळी कोथिंबीर होती, दवाने भिजलेली, वाफ्यातून मुळासकट उपटलेली.