आयल्साचं राहिलेलं प्रमाणपत्र

शुक्रवार उजाडला की आधी माझे गुडघे दुखायला लागतात आणि मग डोकं. शुक्रवारी सकाळी आमच्या शाळेत सभा असते. पोरं हॉलच्या फरशीवर मांडी घालून बसतात, आम्ही शिक्षक कडेच्या खुर्च्यांवर, आणि हेडसर मिस्टर पेट्री मध्ये उभे राहून प्रत्येक वर्गातल्या एका मुलाला ‘आठवड्याचा तारा’ म्हणून सोनेरी कडेचं प्रमाणपत्र देतात. पेट्री वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे. माणूस वाईट नाही, पण उत्साह असा की नुसतं बघूनच मला धाप लागते. “प्रत्येक मूल हा एक तारा आहे, मिसेस डथी!” असेल बाबा. पण खऱ्या ताऱ्यांची नाकं पुसावी लागत नाहीत.

ऑगस्टात शाळा उघडली की जी रांग लागते, ती जून संपेपर्यंत हटत नाही. सुगीची गाणी, नाताळचं नाटक, जानेवारीत कवितापाठांतर, मग नाच, मग पोहण्याचे बिल्ले, मग शर्यती. माझ्या नाकी नऊ येतात. गेल्या नाताळात माझ्या पाचवीच्या वर्गातला उंट भर नाटकात मधोमध फाटला, कारण आतल्या दोन पोरांचं जुंपलं. मागचा अर्धा उंट रडत आईकडे गेला आणि पुढचा अर्धा तसाच बेथलेहेमला पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावातले लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

तर त्या प्रमाणपत्राचा नियम असा. वर्षातून एकदा ते प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. कुणाला मिळणार ते आदल्या दिवशी गुपचूप घरी कळवायचं, म्हणजे घरची मंडळी येऊन दाराजवळच्या बाकावर बसतात. मुलाला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही. पोरं काय दुधखुळी आहेत? सभा सुरू झाली की सगळ्या माना मागे. ज्याची आई बाकावर दिसली, त्याचे कान आधीच लाल.

ऑक्टोबरात मी आयल्सा कावीचं नाव दिलं होतं. आयल्सा म्हणजे शांत, नीटनेटकी, शिक्षकाला कधी आठवण करून द्यावी न लागणारी पोर. मधल्या सुट्टीत ती आपणहून पहिलीच्या पोरांना बुटांच्या नाड्या बांधायला शिकवायची. मी तेच कारण लिहिलं आणि तिच्या आईला फोन केला. तिची आई लोर्ना माझीच विद्यार्थिनी. आमच्या गावात निम्म्या आया नि बाप माझ्या हाताखालून गेलेत, आणि अजूनही मला ‘मिस’च म्हणतात. लोर्ना तासाभरात फाटकाशी हजर. माशांच्या कारखान्यातून तशीच आली होती, डोक्यावर जाळीची टोपी.

“मिस, एक मागू?”

“माग. सुट्टी सोडून काहीही माग, ती मलाच मिळत नाही.”

“आयल्साचं ते प्रमाणपत्र ग्रेगर घरी असेल तेव्हा द्याल का? त्यानं तिचं काहीच बघितलं नाही हो. नाटक नाही, शर्यत नाही, काही नाही.”

ग्रेगर तिचा नवरा, तोही माझाच विद्यार्थी. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, तीन आठवडे पाण्यात, तीन आठवडे जमिनीवर. पण त्या दोघांचं आताशा पटत नव्हतं, आणि जमिनीवरचे आठवडेही तो ॲबर्डीनला भावाकडेच काढत होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, पण बेकरीच्या रांगेत उभं राहिलं की कान बंद करता येत नाहीत.

“तो येईल का पण?” मी विचारलं.

“काही निमित्त असलं की येतो, मिस. आयल्साला मात्र सांगू नका. तिला एकदम दिसू दे तो.”

मी हो म्हटलं. नाही म्हणायला वाद घालावा लागतो आणि वादाला दम लागतो.

नोव्हेंबरातला शुक्रवार ठरला. गुरुवारी समुद्रावरून असं धुकं आलं की शाळेच्या खिडकीतून फाटक दिसेना. रिगवरून माणसं आणणारं हेलिकॉप्टर धुक्यात उडत नाही. शुक्रवारी सभा झाली आणि ग्रेगर पोचला शनिवारी दुपारी. संध्याकाळी मी कुत्र्याला फिरवायला निघाले, तर तिघं बंदराच्या भिंतीवर बसून कागदातले मासे नि चिप्स खात होती. बरं वाटलं बघून.

मग डिसेंबर. ग्रेगरच्या जागी येणाऱ्या माणसाचा पाय मोडला, याचा मुक्काम वाढला, शुक्रवार हुकला. रविवारी मात्र आला. जानेवारीत वादळ. तेव्हाही तीच गत, एका दिवसानं चुकामूक. दर वेळी लोर्ना फाटकाशी हात जोडल्यासारखी उभी. “पुढच्या खेपेला नक्की, मिस. त्यानं शब्द दिलाय.”

इकडे वर्गातल्या सगळ्यांचे तारे झाले. स्ट्रुअन मेअर, म्हणजे उंटाचा मागचा अर्धा, त्याला ‘सहकार्याबद्दल’ मिळालं. ते मीच लिहिलं, देव मला क्षमा करो. आयल्सा तेवढी राहिली. सुरुवातीला तीही इतरांसारखी मान वळवून बाकाकडे बघायची. जानेवारीनंतर तिनं बघणं सोडलं. सरळ समोर, पेट्रींच्या बुटांकडे नजर लावून बसायची. मला ते बघवेना. पोरीला वाटत असणार, आपण कशातच नाही, अगदी स्ट्रुअन मेअरच्याही खाली. आणि हे सगळं का, तर तिच्या आनंदासाठी! माझा जीव तीळतीळ तुटायचा.

फेब्रुवारीत मी लोर्नाला बजावलं. “पुरे झालं आता. या शुक्रवारी मी ते देऊन टाकणार. तू एकटी ये.” ती रडली, पण कबूल झाली. शुक्रवारी सकाळी चांगला निळा कोट घालून तयारही झाली. आणि आयल्साच्या पोटात दुखायला लागलं. वर्गात आली ती पोट धरूनच. चेहरा पांढराफटक. तिला घरी पाठवावं लागलं. मी म्हटलं, घ्या, नशीबच फुटकं त्याला कोण काय करणार.

मार्चमध्ये एकदाचा ग्रेगर गुरुवारीच घरी पोचला. शुक्रवारी पाहते तो बाकावर हजर! लग्नातला सूट असावा, बटणं नुसती जीव मुठीत धरून होती. डोळे लाल, रात्रपाळ्या करून आलेला. शेजारी लोर्ना, निळ्या कोटात. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा. मी खुर्चीत टेकले आणि मनात म्हटलं, सुटले बाई.

“पाचवीचा आजचा तारा!” पेट्री गरजले. “पहिलीच्या मुलांना बुटांच्या नाड्या बांधायला शिकवल्याबद्दल... आयल्सा कावी!”

पहिलीच्या पोरांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. टाळ्या सुरू झाल्या. आयल्सा उठली नाही.

तिनं एकदा मागे पाहिलं होतं, बाप दिसला होता, ते मी बघितलं होतं. आता ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. टाळ्या विरायला लागल्या. पेट्रींनी माझ्याकडे पाहिलं. झालं, उठा मिसेस डथी. पोरांच्या मधून वाट काढत मी गेले आणि गुडघ्यांना शिव्या घालत तिच्याजवळ वाकले.

“काय गं? ऊठ ना.”

“पोटात दुखतंय.”

“मागच्या वेळीही दुखत होतं.”

ती अगदी हळू म्हणाली, “मिस, हे नंतर नाही का देता येणार? जूनमध्ये?”

“जूनमध्ये? अगं वेडे, तुझा बाबा आलाय बघ. केव्हापासून थांबलोय आम्ही त्याच्यासाठी.”

“मला माहितीये. आई फोनवर बोलते तेव्हा सगळं ऐकू येतं.” तिनं बाही डोळ्यांना लावली. “हे व्हायचं राहिलं होतं, म्हणून तो येत होता. शुक्रवारी नाही तर शनिवारी. आता हे मिळालं की संपलं. मग तो कशाला येईल?”

आईचा निळा कोट पाहून उठलेली ती पोटदुखी, ते समोर बघत बसणं, सगळं एका क्षणात कळलं. मला वाटत होतं पोर झुरतेय. पोर राखण करत होती. इतकी वर्षं मुलांत घालवली आणि हे मला दिसलं नाही.

मी नुसता हात पुढे केला. आयल्सा शहाणी मुलगी, मोठ्यांना ताटकळत ठेवणं तिला जमत नाही. ती उठली, पुढे गेली, प्रमाणपत्र घेतलं, पेट्रींशी हात मिळवला. मागे बाकावरून ग्रेगर फोन उंच धरून फोटो काढत होता आणि तोंडभर हसत होता. ती त्या फोनकडे बघून हसली. तसलं हसू मी आजवर फक्त मोठ्या माणसांच्या तोंडावर पाहिलंय.

सभेनंतर घरच्या मंडळींना चहा नि बिस्किटं असतात. लोर्नाची कारखान्यातली पाळी होती, ती कोटाची बटणं लावत पळाली. ग्रेगर कपबशी घेऊन भिंतीशी उभा. मला पाहताच म्हणाला, “झालं एकदाचं, मिस!”

तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

“काय झालं रे एकदाचं?”

“नाही, म्हणजे ते प्रमाणपत्र...”

“तो कप ठेव खाली. ठेव म्हणते ना. तुझी मुलगी का उठत नव्हती, माहितीये?”

“लाजली असेल.”

“लाजली नाही. हे मिळालं की तू यायचा थांबशील म्हणून घेत नव्हती. फेब्रुवारीतही याचसाठी पोट धरून घरी गेली. कागदाच्या एका कपट्याला बापाची दोरी समजून धरून बसली होती, ग्रेगर, आणि आज आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून ती तिच्या हातातून सोडवून घेतली.”

तो बघतच राहिला. एवढा आडदांड माणूस, पण माझ्या पाचवीतल्या ग्रेगरसारखा दिसायला लागला, खिडकी फोडल्यावर दिसायचा तसा.

“असं म्हणाली ती?”

“मग मी रचून सांगतेय? रचण्याएवढी ताकद तरी उरलीय का माझ्यात?”

त्यानं सूटच्या बाहीनं नाक पुसलं. “लोर्नाचं नि माझं... तुम्हाला माहितीये, मिस.”

“ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं काही विचारू नकोस. मी आयल्साचं बोलतेय.”

“मग आता पुढचं काय आहे? म्हणजे नाटक-बिटक? तारीख सांगा, मी पाळी बदलून घेतो. तुमच्याकडे तर सारखं काहीतरी असतंच.”

“असतं. आणि धुकंही सारखं असतं. परत तेच करणार तू? निमित्त असलं की येणार?”

“मग करू काय?”

“आज काय आहे ते विचार.”

“आज काय आहे?”

“अपूर्णांक.”

तो म्हणाला, “बसू देतील मला?”

“देणारी मी आहे. चल.”

पेट्री वाटेत आडवे आले, पाहुण्यांच्या नियमाचं काहीतरी बोलायला लागले. मी म्हटलं, “गळ्यात पाहुण्याचा बिल्ला आहे त्याच्या, सर, आणि माझ्या गुडघ्यांना उभं राहवत नाहीये,” आणि पुढे निघाले.

वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची एकच, ती माझी. ग्रेगरला मागे, पुस्तकांच्या कपाटाला लागून, पोरांच्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले त्याचे. सगळा वर्ग वळून बघायला लागला. आयल्सा जागेवरून उठून त्याच्याकडे गेली.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही.”

“मग? आता काय आहे?”

“काहीच नाही गं. बसलोय नुसता.”

“कशासाठी?”

“असाच.”

तिचा विश्वास बसला नाही. परत जागेवर गेली. मी फळ्यावर केकचं वर्तुळ काढलं, तीन भाग केले, आणि ती दर अर्ध्या मिनिटाला मागे बघून खात्री करून घेत होती. तिसऱ्या गणिताला मागून घोरणं ऐकू आलं. ग्रेगर कपाटाला डोकं टेकून झोपला होता. तोंड उघडं, हात लोंबकळते. रात्रपाळीचा माणूस, उबदार वर्ग, त्यात माझे अपूर्णांक. दुसरं काय होणार?

स्ट्रुअन मेअरनं खिदळायला तोंड उघडलं. आयल्सा ताडकन वळली. या मुलीचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“गप्प बस, स्ट्रुअन! माझा बाबा झोपलाय.”

आणि तो गप्प बसला. सगळेच बसले. कुणी पेन्सिल पाडली नाही, कुणी खुर्ची ओढली नाही. कुणाला काही विचारायचं झालं तर माझ्या टेबलाशी येऊन कानात विचारायचं. आयल्सानं आपली वही उचलली आणि मागे जाऊन फरशीवर, त्याच्या बुटांशेजारी बसून गणितं सोडवायला घेतली. बरीचशी चुकली. लाल पेन मी उघडलं नाही.

मीही कुजबुजत शिकवत राहिले. रोज जेवणाच्या घंटेकडे माझे डोळे लागलेले असतात. त्या दिवशी मात्र वाटलं, आज कुणीतरी ती वाजवायची विसरावी.