चादरींवरचे लाल थेंब

सकाळचे नऊ वाजले की लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरायची नाही. दोरीवर दवाखान्याच्या पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि अख्ख्या गल्लीचे डोळे त्यांच्यावर खिळलेले. बघता बघता एका चादरीवर लाल थेंब उमटायचा. मग दुसरा. आवाज म्हणून नाही.

"बघा, बोलली!" मौनीबाबा गरजायचे. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा क्षणभर थांबेल तर शपथ. "अकाली गेलेला जीव आहे हा! रक्त हीच त्याची भाषा! मान वर करू नका कुणी. तिच्या नजरेला नजर भिडली की संपलात!"

मेलेल्या माणसाला बोलायला धुतलेल्या चादरीच कशाला लागाव्यात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

'ती' म्हणजे लाँड्रीवाल्याची बायको. दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली. इस्त्रीच्या टेबलाशी उभी असलेली तिची धाकटी जाऊ प्रत्येक थेंबाला दचकायची. शेवटच्या रात्री उशाशी धाकटीच बसली होती आणि पहाटे तिचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा हातातला हात गार पडलेला. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, दूर जहाजावर असलेल्या नवऱ्यालाही नाही. थेंब उमटला की तिला वाटायचं, ताई हाक मारतायत आणि मी अजून झोपलेलीच आहे.

अशी आतून भ्यालेली माणसं बाबालोकांना बरोबर सापडतात.

"उशाशी कोण होतं?" बाबांनी त्या दिवशी बोट रोखलं. "तिने सगळ्यांसमोर हा डाग धुवायचा. गेला तर सुटली. नाही गेला तर आजच्या आज घर सोडायचं. तिची पोरगी इथेच राहील!"

"धू, धाकटे," मोठे दीर, म्हणजे लाँड्रीवाला, खालमानेने म्हणाले.

धाकटीने चादर ओढली. गार पाणी, साबण, अंगठ्याने चोळणं. डाग फिका झाला, पण जाईना. पुन्हा चोळलं. जाईना.

"मिळाली कबुली!" बाबा ओरडले. गर्दी मागे सरकली. धाकटीला समोर फक्त आपली तीन वर्षांची पोर दिसत होती.

आणि तिचे हात थांबले. डोक्याला कळायच्या आधी ते हातांना कळलं. दहा वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्या होत्या तिने. ताजं रक्त गार पाण्यात सुटतं, आणि वाळलेलं तपकिरी पडतं. तिने ढिगातली परवाची डागाळलेली चादर उलगडली. डाग अजून लालच.

"हे रक्त नाही," ती म्हणाली.

"काय पुटपुटतेस?"

"रक्त नाही हे! रक्त मला कळतं!" आणि तिने मान वर केली.

"वर बघू नकोस!" बाबा किंचाळले.

तुळईला वाळक्या पानांसारखे कोष लटकत होते. बरेचसे फुटून रिकामे. एकाला नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू ओले, चुरगळलेले पंख सोडून लोंबत होतं. त्याच्या अंगातून लाल थेंब सुटला आणि धाकटीच्या गालावर पडला. ती किंचाळली नाही. तिने तो बोटाने टिपला आणि दिरांना दाखवला.

कपडे न्यायला आलेल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुढे झाल्या. "अंड्यातून अळी, अळीचा कोष. कोषात तिचं शरीर मोडून नवं घडतं. त्या कामातला उरलासुरला मळ पोटात साठतो. बाहेर आल्यावर फुलपाखरू तो टाकून देतं. या जातीत तो लाल असतो, बस्स!"

"मग आधी कधी कसे पडले नाहीत?" दिरांनी विचारलं.

"मागच्या भिंतीशी रान केवढं माजलंय! अळ्या त्यावर पोसल्या. आधी ते कोण उपटायचं?"

दर रविवारी थोरलीच उपटायची.  धाकटीच्या ते आता ध्यानात आलं. ताई नव्हत्या म्हणूनच हे थेंब पडत होते खरे, पण त्यात शाप कुणाचाच नव्हता.

"आणि बाबा," बाई वळल्या, "सगळ्यांच्या खांद्यांवर ठिपके आहेत, तुमचा सदरा तेवढा कोरा कसा? रोज त्या कोष नसलेल्या कोपऱ्यातच उभे राहता. म्हणजे वर तुम्ही कधीच बघून घेतलंत!"

मौनीबाबा पहिल्यांदाच नावाला जागले आणि मागच्या दाराने सटकले.

कुणीतरी झाडू उचलला. "हं, हं!" बाई ओरडल्या. "ही फुलपाखरं मेली तर परसातल्या फुलांवर कोण हिंडेल? आणि अळ्याच संपल्या तर पाखरांनी पिलांना काय भरवायचं? चार दिवस चादरी अंगणात वाळवा की!"

गर्दी पांगायला लागली तशी धाकटी म्हणाली, "भावजी, त्या रात्री माझा डोळा लागला होता."

दीर दोरीखालून तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "जागरणाची कितवी रात्र होती तुझी?"

"अकरावी."

"मी अकराही रात्री शेजारच्या खोलीत झोपलो होतो," ते म्हणाले आणि त्यांना रडू आलं.

आता तुम्हीच सांगा. थेंब वरून पडत असेल तर वर बघावं, याला काय मोठी विद्या लागते? तेवढं न करता अख्खी गल्ली एका दमलेल्या बाईला पोरीपासून तोडायला निघाली होती. चमत्कार बघायला रोज शंभर माणसं यायची. त्या अकरा रात्रींत "तू झोप, आज मी बसते" म्हणायला त्यांतलं एकही आलं नव्हतं.