एकही भोक नसलेला पुतळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. वर्धा जिल्ह्यातील एका नर्सिंग कॉलेजात, काचेच्या कपाटात मी राहतो. मला डोके नाही, हात नाहीत. कमरेपासून मांडीपर्यंतच मी माणूस आहे. इंजेक्शन द्यायला शिकवण्यासाठी माझी निर्मिती झाली.

कारखान्यात मला विचारपूर्वक घडवले गेले. सुई पुन्हापुन्हा टोचली तरी फाटू नये अशी रबराची त्वचा मला दिली. माणसाच्या पायाचा मोठा मज्जातंतू जिथून जातो, तिथे आत तारा बसवल्या. सुई योग्य जागी गेली तर हिरवा दिवा, तंतूजवळ गेली तर लाल. चूक व्हावी आणि ती माझ्यावर व्हावी, एवढाच माझा उपयोग.

इथे आल्यापासून माझ्यात सेल कोणी घातलेच नाहीत. दसऱ्याला मात्र मला बाहेर काढतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि पुन्हा कुलपात ठेवतात. पूजेने कोणाचा हात स्थिर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यंदा पहिल्या वर्षाला समुद्रपूरकडची रक्षा आली. पूजेच्या वेळी तिने शिकवणाऱ्या मोहिनी मॅडमना विचारले, "मॅडम, याच्यावर टोचून पाहू द्या ना आमाले."

"भोकं पडतील त्याले. मग तपासणीच्या कमिटीले काय दाखवू, चाळणी?" मॅडम म्हणाल्या. "संत्रे आणा. आम्हीबी संत्र्यावरच शिकलो."

तिच्याच वर्गातली, कारंजा गावची चंचल हळूच म्हणाली, "नवरदेव हाये तो, रक्षा. हळद लागली, आता हात नाई लावाचा."

मुलींनी संत्री टोचली. संत्र्याची साल सुईला थोडीफार कातडीसारखी लागते, हे मान्य. पण संत्रे कुठेही टोचले तरी चालते. त्याला चुकीची जागा नसते, कारण त्याला पाय नसतो.

पुढे मुली वॉर्डात जाऊ लागल्या. तिथे काय घडले ते मला नंतर कळले. तपासणी जवळ आली म्हणून रक्षा आणि चंचल मला पुसत होत्या, तेव्हा रक्षा एकाएकी बोलू लागली.

"वॉर्डात आंजी गावच्या देवकाबाईले पह्यलं इंजेक्शन मीच देल्लं. सिस्टर दुसऱ्या खाटेवर गेलती. बाईनं इचारलं, 'पह्यल्यांदाच टोचून राह्यली का वं पोरी?' मी म्हटलं, नाई. संत्र्यावरचे टोचणे धरले ना मी त्यात!"

"मंग?"

"सुई गेली अन् बाई ओरडली. टाचेपर्यंत करंट लागला म्हणे. आता पायाचा पंजाच उचलत नाई तिचा. चप्पल राह्यत नाई पायात."

"डॉक्टर काय म्हणते?"

"सुधरन म्हणते. नाईतर नाई."

रक्षाचे फडके माझ्या कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या भागावर येऊन थांबले. तीच योग्य जागा. तिला ती आता पक्की ठाऊक झाली होती.

तपासणीच्या दिवशी समितीच्या साहेबांनी माझ्यावरून बोट फिरवले. "वा! अगदी नवा ठेवलाय."

"जपतो आम्ही, सर," मॅडम म्हणाल्या.

मागच्या रांगेतून आवाज आला. "याले जपलं, सर. देवकाबाईले नाई जपलं."

साहेबांनी वळून रक्षाकडे पाहिले. "देवकाबाई कोण?"

"पेशंट आहे एक," मॅडम घाईने म्हणाल्या. "चला सर, चहा थंड होऊन राह्यला."

साहेब चहाला गेले. मला 'उत्तम स्थिती' असा शेरा मिळाला. रक्षाला ऑफिसात बोलावणे आले. मला कुलूप लागले.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे तुम्हाला नेहमी सांगितले जाते. माझी विनंती उलट आहे. माझ्यात सेल घाला. मला टोचा. चुका, लाल दिवा लागू द्या, पुन्हा टोचा. माझी खुशाल चाळणी करा. मला दुखत नाही. माझ्या अंगावर आजही एक भोक नाही. जी चूक माझ्यावर व्हायची होती, ती आज आंजीच्या रस्त्याने पाय ओढत चालते आहे.