ठिगळाला माया किती

फ्रॉकचं माप घेताना भाचीच्या, मुंगीच्या, छातीची डावी बाजू उजवीपेक्षा पाव इंच जास्त भरली, तेव्हा आत्याला आधी आपल्या टेपचाच संशय आला. तिने टेप बदलली, मुंगीला ताठ उभं केलं आणि पुन्हा मोजलं. पाव इंच ते पाव इंचच. तळमजल्यावरच्या शिवणाच्या दुकानात तीस वर्षं लोकांची अंगं मोजण्यात गेली होती. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाचं पोट सुटलंय, हे तिला चष्म्याशिवायही दिसे. पण पाच वर्षांच्या पोरीच्या फासळ्या एकाच बाजूने का पुढे याव्यात, हे कोडं तिला सुटेना.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला, तसा तिने विषय काढला.

"ताई, तू आता माणसांतही वाकडी शिवण शोधायला लागलीस," तो हसला.

"हस. पण डॉक्टरला दाखव. एक जिना चढताना पोर मध्येच टेकते."

"लाडावलीय, म्हणून टेकते."

"मग लाडावरचं औषध घेऊन ये."

आत्या एकदा मागे लागली की चिवट गाठीसारखी, सुटायची नाही. आठवड्याच्या आत मुंगीच्या छातीला कान लावून झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली आणि सगळे मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसले.

बाईंनी कागदावर हृदय काढलं. वरचे दोन कप्पे, मध्ये पडदा, पडद्यात भोक. "हे जन्मापासूनचं आहे. डावीकडचं रक्त या भोकातून उजवीकडे जातं. हृदयाची उजवी बाजू जास्तीचा भार ओढून ओढून फुगलीय. ती छातीत डाव्या फासळ्यांच्या मागेच असते, तिच्या रेट्याने त्या पुढे आल्यात. अशी कितीतरी भोकं आम्ही मांडीच्या शिरेतून जाळीची चकती नेऊन बंद करतो. पण चकतीला धरायला चहूबाजूंनी कड लागते. हिच्या भोकाला एका अंगाला कडच नाही. छाती उघडून ठिगळ लावावं लागेल."

वहिनीचा पदर डोळ्यांना गेला. आत्या मात्र खुर्ची पुढे ओढून कागदावर वाकली.

"ठिगळ कशाचं?"

"हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिचाच तुकडा कापून घेतो."

"म्हणजे त्याच ताग्यातलं कापड. बरं आहे, रंग जाणार नाही. आणि शिवण कसली? धावदोरा?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धावदोऱ्यातून रक्त झिरपेल. कडेवरून वळसे घेत जायचं, टाक्याला टाका लागून. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात. एका जागी सुरुवात करून दोन्हीकडून शिवत यायचं आणि समोरासमोर गाठ."

"दोरा नायलॉनसारखा असणार. गाठ निसटत असेल."

"म्हणून सहा-सात गाठी मारतो. तुम्ही शिवता का?"

"पोट त्यावरच आहे. अजून एक विचारते. पोर वाढती आहे. वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवताना मी शिवणीत माया ठेवते, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो. तुम्ही ठिगळाला माया किती ठेवता?"

"हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. किंचित सैल ठेवतो, ताणून बसवत नाही. ठिगळ वाढत नाही. भोवतीचं हृदय वाढतं, आणि काही महिन्यांत ठिगळावर आतलं अस्तर चढतं. उसवायची गरज पडत नाही."

निघताना बाईंनी ड्रॉवरमधून मुदत संपलेलं दोऱ्याचं एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "किती जोर लावायचा ते कळायला ओल्या टिश्यूपेपरवर शिवून बघा."

चार दिवस दुकानातले ब्लाउज तसेच पडून राहिले. सुई वाकडी, केसासारखी बारीक. आधी ती चिमट्यात धरायलाच शिकावं लागलं. पहिले नऊ कागद फाटले. दहाव्यावर आत्याला कळलं की दोरा ओढायचाच नाही, नुसता टेकवायचा. वहिनी दारात उभी राहून बघत होती. ती हळूच येऊन शेजारी बसली. "ताई, मला दाखवा," ती म्हणाली. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा नीट जेवली.

ऑपरेशनच्या सकाळी मुंगीला आत नेलं आणि तिघे बाकावर बसले. हृदय थांबवून तेवढा वेळ मशीनवर रक्त फिरवणार, हे आत्याने विचारून घेतलं होतं. ऐकताना सोपं वाटलेलं, पण आता ती पदराची कड बोटांनी पुन्हा पुन्हा मोजत होती. भाऊ म्हणाला, "तू मोजलं नसतंस तर..." तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

चार तासांनी बाई बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "झालं. मशीन काढलं, हृदय आपलं आपण चाललंय. सोनोग्राफीत कुठेही गळती नाही."

वहिनी रडत हसली. आत्याने विचारलं, "टाके किती पडले?"

"मोजले नाहीत हो."

"पुढच्या वेळी मोजा. मला उत्सुकता आहे."

तिसऱ्या दिवशी मुंगी उशीला टेकून बसली होती. छातीवर लांब पट्टी. तिने आत्याला जवळ बोलावलं.

"आत्या, आतला दोरा कधी काढणार?"

"तो काढत नाहीत. तो तुझाच झाला आता."

"मग मी मोठी झाले की तो कुठे असेल?"

ठिगळावर अस्तर चढल्यावर दोरा आत दिसतो की दिसत नाही, हे विचारायचं आत्याचं राहूनच गेलं होतं.

"थांब," ती म्हणाली, आणि डॉक्टरबाईंना शोधायला निघाली.