बरण्यांच्या रांगेतली बाटली

यशोधरेने गच्चीच्या कठड्याजवळ ठेवलेल्या बाटलीकडे हात नेला, आणि जनाबाईंनी तिच्या नि बाटलीच्या मध्ये सूप आडवे धरले.

"थांब. आज शिवायचं नाही तिला."

"आईसाहेब, ते लोणचं नाही. कॉलेजचा रंग आहे तो."

"रंग असो की लोणचं. धूपमध्ये, उन्हातच पिकतंय ना? मग कायदा एकच."

"रोज हलवावी लागते पण."

"मी हलवते. कशी हलवायची ते तिथूनच सांग."

सून जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सांगू लागली आणि सासू पदर खोचून बाटली हलवू लागली. आतला लालसर द्रव काचेवर चढला, उतरला. जनाबाईंनी बाटलीच्या तोंडाला बांधलेला मलमलीचा दादरा सारखा केला, नाक जवळ नेले आणि मागे घेतले.

"सिरक्यासारखा वास मारतोय. कच्चं आहे अजून."

त्यांचे बरोबर होते. रंग कच्चाच होता. यशोधरेला हसू आले, रागही आला. डॉक्टर झालेली, मेडिकल कॉलेजात मुलांना सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवणारी बाई ती, आणि स्वतःच्याच बाटलीपासून चार हात लांब उभी! रामबागेतल्या या घरात महिन्याच्या त्या चार दिवसांत तिला कॉलेजला जायची मुभा होती, स्वयंपाकघरात आणि देवघरात नव्हती. गच्चीवरच्या बरण्यांना तर तिची सावलीही चालत नसे. लोणचे नासते, अशी जनाबाईंची ठाम समजूत होती, आणि समजुतीला पुरावा मागायची या घरात पद्धत नव्हती.

बाटली घरी आणली त्यालाही कारण होते. पेशी काचेखाली पाहायच्या तर आधी रंगवाव्या लागतात; नाहीतर त्या पाण्यात पडलेल्या काचेच्या तुकड्यासारख्या, असून नसल्यासारख्या. रंगाची भुकटी विलायतेहून अंगठ्याएवढ्या कुपीतून यायची. ती मद्यार्कात कालवून महिना-दीड महिना उन्हात ठेवली की रंग पिकायचा. पहिली बाटली तिने कॉलेजच्या छपरावर ठेवली होती. वानरांनी ती लोळवली आणि तोंडे लाल करून घेतली. उरलेल्या भुकटीत एकच बाटली झाली. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. यशोधरेने ही बाटली टांग्यातून मांडीवर घेऊन घरी आणली आणि जनाबाईंच्या बरण्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. इंदूरचे वैशाखातले ऊन आणि जनाबाईंची राखण, यांहून खात्रीची जागा तिला माहीत नव्हती.

ही नासली तर तिच्या प्रबंधासाठी नवी भुकटी मागवण्यात वर्ष जाणार होते, आणि वर्ष तिच्या हातात असेलच असे नव्हते. लग्न ठरवताना सासऱ्यांनी, अप्पासाहेबांनी, एकच अट घातली होती. ते होळकर दरबारच्या खासगी खात्यातले; दरबार गेला तरी बोलणे दरबारीच राहिले होते. "घरात पाळणा हलेपर्यंत सूनबाईंनी खुशाल शिकावे, शिकवावे. नंतर घर." तिच्या वडिलांनी हो म्हटले होते. लग्नाला तीन वर्षे झाली, पाळणा हलला नव्हता. नवरा उदयसिंह सचिवालयात. मध्यभारताचे सरकार थंडीत ग्वाल्हेरला जाई, उन्हाळ्यात इंदूरला येई, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर उदयसिंहही जाई-येई. अर्ध्या वर्षाचा नवरा, असे धाकटी नणंद मंगला चिडवायची. आपल्याला हवे आहे ते दोन्ही, मूलही आणि प्रबंधही, हे यशोधरा कुणाला सांगत नव्हती. फक्त आधी प्रबंध व्हावा, एवढेच तिचे देवाशी भांडण होते.

ते चार दिवस सरले आणि बाटली तिच्या हाती परत आली, पण पूर्वीसारखी तिची एकटीची राहिली नाही. जनाबाईंना तिचा लळा लागला. दुपारी त्या बाटलीची बाजू फिरवत, दिवेलागणीला आत घेत. कावळा कठड्यावर बसला की बरण्यांसाठी एक शिवी आणि बाटलीसाठी वेगळी. शेजारणीने विचारले, हा कसला मुरंबा? तर म्हणाल्या, "आमच्या सुनेचा आहे. खायचा नाही, बघायचा."

देपालपूरच्या शेतावरून कैऱ्यांचे पोते आले त्या दुपारी दोघी गच्चीच्या दाराशी सावलीत बसल्या होत्या. जनाबाई विळीवर कैऱ्या फोडत होत्या, यशोधरा कोयी काढत होती.

"हा रंग तू लावणार कशाला ते तर सांग," जनाबाईंनी विचारले.

यशोधरेने आजवर 'पेशींना' एवढेच उत्तर देऊन वेळ मारून नेली होती. आज कोण जाणे, खरे सांगावेसे वाटले.

"ऑपरेशनमध्ये काढलेल्या पिशवीचे तुकडे असतात. बाईच्या पिशवीचे. ते मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे आणि रंगवून बघायचे."

"अरे देवा. काय दिसतं त्यात?"

"आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते नव्यानं तयार होतं. आपण पाहुणा येणार म्हणून गादी घालतो ना, तसं. पेशी वाढतात, रक्ताच्या बारीक बारीक नळ्या येतात, खायची-प्यायची सगळी तजवीज होते. पाहुणा आला नाही, की ती गादी उचलून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून नवी घालायला घ्यायची."

विळी थांबली.

"आणि त्यालाच आम्ही विटाळ म्हणतो होय?"

"हो."

"पाहुणा आला तर?"

"मग गादी उचलत नाहीत. राहू देतात."

जनाबाईंनी हातातली कैरी विळीवर धरली. मग "बरं," एवढेच म्हणाल्या आणि कैरी फोडली. पण त्या दिवशी मीठ-मोहरी कालवताना त्यांचे रोजचे गुणगुणणे ऐकू आले नाही, आणि आपण जास्त बोललो की काय, असे यशोधरेला वाटत राहिले.

जास्त बोलली नव्हती, असे तिला पुढच्या महिन्यात कळले. म्हणजे तिला तसे वाटले. ज्येष्ठ लागला, ऊन कडकले, ती रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी गच्चीवर जाऊन बाटली हलवत होती आणि जनाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. सूप आडवे आले नाही. एकदाही नाही. उलट बरणीपाशी गेली तरी काही बोलल्या नाहीत. त्यांचे वागणेच मऊ झाले होते. ताटात दह्याची वाटी वाढली. पाण्याची कळशी उचलायला वाकली की म्हणत, "राहू दे, मंगला घेईल. तुझ्या कॉलेजचं काम काय कमी आहे?"

यशोधरेचे पाय जमिनीला लागेनात. तिने हे उदयसिंहाला सांगितले तेव्हा तो पानाचा डबा बाजूला ठेवून उठून बसला.

"खरंच? होळकरशाही गेली, मध्यभारत आलं, पण आईसाहेबांचा कायदा काही बदलला नव्हता. कमाल केलीस. प्रबंधात घाल हे."

"घालणार आहे," ती म्हणाली, आणि दोघे हसली.

कॉलेजात त्या महिन्यात कामाचा डोंगर होता. मेणातले तुकडे उन्हाने मऊ पडत, बर्फावर ठेवून कापावे लागत, शंभरातला एखादा पापुद्रा न फाटता निघे. ती घरी यायची ती गळून जाऊन. जेवण नकोसे व्हायचे. यंदाचा उन्हाळाच तसा आहे, असे म्हणून पडून राहायची.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तिने नळाच्या पाण्याने भरलेली काचेची वाटी गच्चीवर नेली. जनाबाई पाठोपाठ आल्याच. मंगला कालपासून बाजूला बसलेली होती, ती जिन्याच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याआड थांबली. यशोधरेने दादरा सोडला. सिरक्याचा वास मेला होता, त्याजागी पिकल्या फळासारखे काहीतरी होते.

"हे आता पाण्यात टाकायचं. कच्चा असेल तर पाणी लाल. पिकला असेल तर..."

तिने चार थेंब सोडले. थेंब लालच पडले. मग पाण्यात पसरता पसरता निळे-जांभळे झाले आणि बघता बघता सगळी वाटी दाट जांभळी होऊन गेली.

"पिकला!" यशोधरा ओरडलीच.

"पिकला ना? पक्का?" जनाबाईंनी वाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली. स्वतःचे लोणचेही कधी त्यांनी एवढ्या कौतुकाने पाहिले नव्हते.

आनंदाच्या भरात माणसाला थोडी शेखी मिरवावीशी वाटते. यशोधरा म्हणाली, "बघा आईसाहेब. पूर्ण महिनाभर मीच हात लावला, एक दिवस चुकवला नाही. नासला का? म्हणजे विटाळानं काही नासत नाही, हे तुमच्याच गच्चीवर सिद्ध झालं."

जनाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"तुला विटाळ होता कुठे?"

यशोधरा दिवस मोजू लागली. ती मनाने मागे मागे जाऊ लागली. कैऱ्या अजून यायच्या होत्या. बाटलीतून सिरक्याचा वास येत होता. सूप आडवे आले होते, ते शेवटचे. त्यानंतर काहीच नाही. दहा बायकांच्या पिशव्यांची अस्तरे बर्फावर कापत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा महिना कधी टळला तेवढे पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती कठड्याशी बसली. हात आपोआप पोटावर गेला आणि तिथेच राहिला. डोळे भरून आले, आणि ते कशाने हे तिला धड सांगता आले नसते, कारण आनंद तर झालाच होता, पण त्याच्या पाठोपाठ अप्पासाहेबांची अटही आठवली होती.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने हळूच विचारले.

"याच महिन्यात. रोज वाटायचं, आज सूप धरायला लागेल, उद्या लागेल. लागलंच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

जनाबाईंनी दादरा पुन्हा बाटलीच्या तोंडावर घातला आणि दोरा गुंडाळत बोलल्या, "बोलले असते तर यांनी दुसऱ्याच दिवशी तुझ्या साहेबांकडे निरोप धाडला असता. आणि ही कच्ची होती." गाठ मारून झाली. "आता सगळं रंगवायला, लिहायला किती वेळ लागेल तुला?"

"श्रावण संपेपर्यंत तरी."

"ठीक. उदयला आजच सांग, तो मेला हरखेल नुसता. हवं तर लेडी डॉक्टरला दाखवून ये. मला मात्र श्रावण संपल्यावर कळेल. मला कळलं, की मग यांना कळेल."

यशोधरा हसायला लागली. डोळे पुसत हसत राहिली. मग एकदम तिला आठवले आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे मी तुम्हाला ते अस्तर, गादी एवढं समजावलं, ते सगळं वायाच गेलं. मी उगीच सगळ्यांना सांगत सुटले, आईसाहेब बदलल्या म्हणून."

जनाबाईंची नजर आभाळाकडे गेली. पश्चिमेकडून आंधी उठली होती. परदेशीपुऱ्याकडची गिरण्यांची धुराडी धुळीत दिसेनाशी झाली, शेजारच्या गच्चीवरचे धोतर उडून कडुनिंबात अडकले. जनाबाईंनी सगळ्यात आधी बाटली उचलून पोटाशी धरली. उरल्या बरण्या. यशोधरा त्यांच्याकडे धावली.

"खबरदार! तू काही उचलायचं नाही," जनाबाई ओरडल्या, आणि मग जिन्याच्या दाराकडे वळल्या. "मंगला! बघत काय राहिलीस? आधी ती मोठी बरणी घे."

मंगला उंबऱ्याआडच होती. हात तिने पाठीमागे नेले.

"आईसाहेब, मी कालपासून..."

"मालूम आहे मला. उचल. दोन्ही हातांनी धर, वर्षाचं लोणचं आहे."

मंगलेने वहिनीकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग उंबरा ओलांडून आली, मोठी बरणी दोन्ही हातांनी छातीशी घेतली आणि एक एक पायरी जपून उतरू लागली. तिच्यामागे बाटली घेऊन जनाबाई. त्या संध्याकाळी गच्चीवरून रिकाम्या हातांनी खाली आली ती एकटी यशोधरा.