धक्क्याजवळच्या दोन खोल्या

हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायला डोळे लागत नाहीत, पण हॉस्पिटलपर्यंत पोहोचायला लागतात. माझे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आमचे हे मला रोज सोडायला येत. हे बसचे ड्रायव्हर. आता त्यांना लांब पल्ल्याची गाडी मिळाली होती, आठवड्यातले चार दिवस ते गावातच नसणार. म्हणजे एक तर चालत जाता येईल असं घर शोधायचं, नाही तर नोकरीवर पाणी सोडायचं. घरात बसले असते तर मी भिंतींशी भांडले असते.

बंदराजवळच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या. दगडी गल्ल्या, गाड्यांना मज्जाव आणि हॉस्पिटल धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला. घरमालक काकांची हयात होड्या दुरुस्त करण्यात गेलेली. माझी काठी बघून ते ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, धक्क्याला कठडा नाही, उद्या काही बरंवाईट झालं तर मला झोप लागायची नाही. माझे डोळे गेलेत, कान नाहीत, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मी तिथूनच सांगितलं, शनिवारी एकटी हॉस्पिटलपर्यंत जाऊन दाखवते. पोहोचले तर घर आमचं, नाही तर विषय संपला. काका कसेबसे तयार झाले. मागून येईन, पण बोलणार नाही, म्हणाले.

ह्यांनी फारच मनावर घेतलं. तीन दिवस तो रस्ता मोजत फिरले आणि माझ्याकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला. दारातून सरळ एकशे दहा पावलं, मग उजवीकडे, मग धक्क्याने तीनशे साठ.

शनिवारी सकाळी निघाले. एकशे दहा झाली, उजवीकडे वळले आणि काठी भिंतीवर आपटली. चाचपडून पाहिलं, भिंतच. मागे काकांचे बूट थांबले. संपलं सगळं, असं वाटलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे सहा फुटांच्या वर, आणि मी त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. ह्या भल्या माणसाने तीन दिवस राबून स्वतःची पावलं मोजली होती, आणि मीही ती मुकाट्याने पाठ केली होती. संतापही आला आणि हसूही.

आकडे सोडून दिले. भिंतीला हात लावून पुढे गेले. भिंत संपली तिथे वारा तोंडावर आला. उजवीकडे वळले. घरं उजव्या हाताला, पाणी डाव्या कानाला. पायाखाली बारीक दगड होते. मध्येच धक्क्याच्या कडेला बसवतात तशा मोठ्या फरश्या लागल्या तेव्हा ओळखलं, काठ जवळ आलाय, आणि आत सरकले. शेवटी फिनेलचा वास आला. इतकी वर्षं नाक मुरडलेल्या त्या वासाने मला रडू आलं.

हॉस्पिटलच्या दारात हे उभे होते. आकडा बरोबर निघाला ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "घरी चला, मग सांगते."

काका मागोमाग पोहोचले. मग ह्यांना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सोमवारी सही करायला या," ते म्हणाले. "यांना वेळ नसला तर एकट्या या."